चंद्र पाहिला, तू जेव

"हा माझा लेक नव्हे," असं म्हणून सरोजाकाकूंनी आपला फोन शर्मिष्ठाच्या पुढ्यात ठेवला.

शर्मिष्ठा आपल्या लेकीला, चिंगीला, नाचणीचं सत्त्व भरवत होती. चमचा हातातच राहिला. फोनवर एक हसरा तरुण होता. पाठीवर त्याच्या डोक्याच्याही वर जाणारी सॅक. मागे विटांच्या घरांनी काठोकाठ भरलेली, कढईसारखी खोल दरी, आणि तिच्या पलीकडे बर्फाचा डोंगर.

"काकू, हा प्राणेशच आहे की."

"चेहरा त्याचाच. मी वेडी नाहीं. मेसेज लिहितो तो कोण, तें विचारतें."

अंबत्तूरच्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर होती. काकू तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी ऐकताना शर्मिष्ठाला आधी पणजीच्या काळातलं काहीतरी ऐकल्यासारखं वाटे, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द आला की ती गडबडे. आता सवय झाली होती. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिरुसेरीला नोकरीला, सकाळी निघाला की संध्याकाळ उलटून परत. साताऱ्याहून आलेल्या शर्मिष्ठाला या समुद्रकाठच्या तमिळ शहरात आपलं म्हणावं असं एकच दार होतं. चिंगीच्या पहिल्या तापात ते उघडलं, ते मग बंद झालंच नाही.

प्राणेश हा काकूंचा एकुलता एक मुलगा. नोकरी सोडून जूनमध्ये तो कॉलेजातल्या मित्राबरोबर, दर्शनबरोबर, दक्षिण अमेरिका पाठीवर सॅक घेऊन हिंडायला निघाला होता. आधी अर्जेंटिना, समुद्रकाठची शहरं. मग विमानानं थेट बोलिव्हियातलं ला पाझ. ढगांना टेकलेलं शहर. महिना झाला, दर्शन परत आला होता. प्राणेश पुढे एकटाच फिरत होता.

"काय बदललंय त्याच्यात?" शर्मिष्ठानं विचारलं.

"भांडत नाहीं."

शर्मिष्ठाला हसू आलं. काकूंना आलं नाही.

"मी लिहिलें, मोजे घाल. म्हणतो, हो अम्मा. मी लिहिलें, तिथलें मांस खाऊं नको. हो अम्मा. शर्मी, हा मुलगा बोलायला लागला तेव्हांपासून मला कधीं हो म्हणालेला नाहीं."

"आणि फोन? आवाज?"

"ला पाझला उतरल्यावर बोलला. एकदां खुशालीचें. दुसऱ्या वेळीं म्हणाला, अम्मा, डोकें फुटायला आलें आहे. जिना चढला कीं धाप लागते, चालतांना तोल जातो. मी म्हटलें, प्रवासाचा शीण. मिरीं उकळून पी, डोक्यावरून पांघरूण घे आणि झोप. झोपलास कीं बरें वाटेल." काकूंच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान आलं. "दुसरे दिवशीं मेसेज. डोकें थांबलें, अम्मा. मीच त्याची डॉक्टर, लहानपणापासून. पण तेव्हांपासून आवाज नाहीं. म्हणतो, फोनचा माईक बिघडला."

"काका काय म्हणतात?"

"म्हणतात, पोरगा मोठा झाला, शहाणा झाला. पोलिसांत नको म्हणतात. त्यांना बिचाऱ्यांना तर मेसेज कधीं ताजा बघायलाही मिळत नाहीं. यायची वेळ झाली कीं हे नेमके दूध आणायला गेलेले, नाहीं तर गच्चीवर. मग मीच वाचून दाखवितें."

चिंगीनं वाटीत हात घातला. शर्मिष्ठानं तो पुसला, पण तिचं लक्ष काकूंच्या बोटांकडे होतं. ती बोटं पदराच्या काठाशी सारखी काहीतरी शोधत होती.

"कुणीं त्याला डांबून ठेवलें असेल. फोन काढून घेतला असेल. तूं फोनांतलें जाणतेस, शिकलेली आहेस. तो कुठें आहे एवढें शोधून दे. मला त्याचा आवाज ऐकायचा आहे. बाकी कांहीं नको."

शर्मिष्ठा रोज झोपलेल्या चिंगीच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत असे. नवरा चेष्टा करी. तिला नाही म्हणता आलं नाही.

*

दुपारी ती काकूंच्या घरी गेली. चिंगीला फरशीवर सोडलं आणि फोन घेऊन बसली.

कृष्णस्वामीकाका खुर्चीत पेपर वाचत होते. लष्करी कारखान्यात फोरमन म्हणून उभं आयुष्य काढलेला माणूस; बसले तरी ताठ. डोक्यावर नुकतेच फुटलेले पांढरे खुंट.

"काका, केस छान आलेत परत," शर्मिष्ठा म्हणाली.

"हं. तिरुपतीला दिले होते."

"आणि रिकाम्या हातीं आले," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तिरुपतीला जाऊन लाडू न आणणारा मनुष्य मी जन्मांत पाहिला नाहीं."

"रांग मोठी होती."

"दर्शनाची रांग चालते, लाडूची चालत नाहीं."

काकांनी पेपर वर धरला.

शर्मिष्ठा फोटो बघू लागली. रस्त्यावर लोकरीच्या टोप्या विकणाऱ्या, गोल हॅटवाल्या बायका. घरांवरून तरंगत जाणारे रोपवेचे डबे. तिथे लोक बसनं जावं तसे त्यातून कामाला जातात, असं प्राणेशनं खाली लिहिलं होतं. एका चढणीवर तो कमरेवर हात ठेवून वाकलेला. हसत होता, पण तोंड उघडं, हवा घेणारं.

दर दोन-चार दिवसांनी एक फोटो आला होता. महिनाभर.

चिंगीच्या अंगावरचा एकेक पुरळ कधी उठला आणि कधी बसला हे सांगू शकणारी ती बाई. तिनं फोटो मोठा केला. मग आधीचा. मग त्याच्याही आधीचा.

प्राणेशच्या खालच्या ओठाला, डाव्या कोपऱ्याशी, थंडीनं एक चीर पडली होती. पहिल्या फोटोत होती. शेवटच्याही फोटोत होती. तशीच, ताजी. आणि दाढी महिनाभरात केसभरही वाढली नव्हती.

तिनं काही न बोलता मेसेज वर सरकवले.

काकू दर महिन्याला संकष्टी धरत. मुलगाही धरी, निदान आईला तसं सांगे. त्यानं चंद्र पाहिल्याचं कळवल्याशिवाय काकू ताटावर बसत नसत, हा मायलेकांचा जुना हट्ट होता. जूनच्या संकष्टीला अर्जेंटिनाहून त्यानं लिहिलं होतं: "अम्मा, चंद्र सध्या तुझ्या पार्टीत आहे. इकडचा माझ्या वाट्याला नंतर येईल. उपाशी बसू नकोस, म्हातारी होशील." जुलैच्या संकष्टीला काकूंनी विचारलं होतं, पाहिलास का. लगेच उत्तर होतं: "चंद्र पाहिला, तू जेव."

"या दिवशी जेवलात ना काकू?" तिनं विचारलं.

"जेवलें की. आमच्याकडे चंद्र वर आला, मी गच्चीवरून पाहून आलें, फोन हातीं घेतला, आणि त्याचें उत्तर आलें. त्या दिवशीं तरी फार बरें वाटलें. पूर्वीसारखा नखरा नाहीं केला."

शर्मिष्ठाला त्यात काहीतरी खुपलं. काय, ते कळेना.

चिंगी रांगत देवघराच्या उंबऱ्याशी पोचली होती. शर्मिष्ठा तिला उचलायला धावली. समईच्या वरच्या भिंतीवर काजळीचा लांब काळा पट्टा चढला होता, वर्षानुवर्षांचा.

"धुवायला सांगायला हवा हा," ती सहज म्हणाली.

"धुवायचा कसा? गेल्या महिन्यांत रंग दिला यांनी," काकू म्हणाल्या. "देव उचलून कापडांत बांधून ठेवले. दार लावून घेतलें. दहा-बारा दिवस मला दिवा लावूं दिला नाहीं, कीं वास आहे, भिंत ओली आहे. दार उघडलें तर ही काजळी तशीच. मी म्हटलें, काय रंग दिला कीं नुसता विचार केला?"



"हल्लीचा रंग टिकत नाही," काका पेपरच्या मागून म्हणाले. त्यांनी पेपरची घडी केली आणि उठले. "दूध आणतो."

ते खाली गेले, आणि थोड्या वेळानं काकूंचा फोन वाजला. "अम्मा, मी मजेत आहे. इथे थंडी आहे."

*

दर्शनच्या वडिलांचा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता, पंपाचे भाग करण्याचा. शर्मिष्ठा चिंगीला छातीशी बांधून बस बदलत तिथे पोचली तेव्हा सकाळचं ऊन चढलं होतं. लेथच्या आवाजाला घाबरून चिंगीनं ओठ काढला. दर्शन हात पुसत बाहेर आला आणि त्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी घेऊन गेला.

तो तिच्याहून लहान होता. बँकेतल्या बदलीपायी अकोल्याहून आलेल्या आजोबांचा नातू. मराठी बोलताना तमिळ हेल काढी.

"काकूंनी पाठवलं?" त्यानं विचारलं.

"हो. प्राणेशला कुठे सोडलंस?"

"ला पाझला."

"का परत आलास?"

"सुट्टी संपली."

"वडिलांच्या कारखान्यात सुट्टी संपते?"

"अक्का, तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही."

ती हसली नाही. 

"भांडण झालं होतं का तुमचं?"

"आमचं? नाही."

"मग आजारी मित्राला सोडून आलास?"

"आजारी कुठे? नंतर बरा झाला तो."

"किती दिवसांनी?"

तो चहा ढवळू लागला. त्यात साखर आधीच होती.

"दर्शन, हे फोटो बघ. हा पहिला. हा परवाचा. याच्या ओठाला काय झालंय?"

त्यानं बघितलं नाही. तो चिंगीकडे बघत होता.

"तुझ्याच फोनमधले ना हे?"

"काही त्याच्या. काही माझ्या."

"म्हणजे त्याचा फोन आता त्याच्याजवळ नाही."

"असं कुठे म्हणालो मी?"

"बरं. मग लाव त्याला फोन. आत्ता, माझ्यासमोर. माईक बिघडला असेल तर नुसता चेहरा बघू."

"आत्ता नाही लागणार. तिथे मध्यरात्र उलटून गेली." तो पटकन बोलला, महिनाभर तिथल्या घड्याळावर जगलेला माणूस जसा विचार न करता बोलेल तसा. "झोपलेला..."

शब्द तिथेच थांबला.  हातातला ग्लास त्यानं फळीवर ठेवला तो अर्धा कडेच्या बाहेर, आणि शर्मिष्ठानं तो पकडला नसता तर पडला असता.

"अक्का, मी आत जातो. मला काही विचारू नका. काकांना विचारा."

"काकांना?"

आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलं. तो न वळता कारखान्यात शिरला.

*

परतीच्या बसमध्ये चिंगी झोपली. शर्मिष्ठा खिडकीबाहेर बघत राहिली.

आत्ता तिथे मध्यरात्र. इथे ऊन, तिथे अंधार. मग इथे रात्र झाली, काकू गच्चीवरून चंद्र पाहून खाली आल्या, त्या वेळी तिथे काय होतं?

तिनं बोटांवर तास मागे मोजले. तिथे सूर्य डोक्यावर यायच्या बेतात होता. चतुर्थीचा चंद्र केव्हाच मावळला होता.

जूनमध्ये खऱ्या प्राणेशनं हेच लिहिलं होतं: चंद्र तुझ्या पार्टीत आहे. त्याला हे ठाऊक होतं, तो त्यावरून आईची चेष्टा करत होता. जुलैमध्ये उत्तर देणाऱ्याला ते आठवलं नाही. का? कारण त्याच्या डोक्यावर चंद्र होता. काकूंच्या डोक्यावर होता तोच.

लबाड माणूस असता तर त्याला काय पडलं होतं? त्यानं रात्रभर उत्तर दिलं नसतं. हा जो कोणी होता, त्याला एक म्हातारी बाई उपाशी बसलेली बघवत नव्हती. बघवत नव्हती, म्हणजे तो बघत होता.

ती फोन काढून उंचावरच्या आजाराबद्दल वाचू लागली. चिंगीच्या प्रत्येक शिंकेला ती असंच वाचायची. समुद्रकाठच्या माणसाचं एकदम तेवढ्या उंचीवर जाणं. डोकेदुखी. धाप. तोल जाणं. त्यापुढची ओळ तिनं पुन्हा वाचली, आणि चिंगीला इतकं घट्ट धरलं की ती झोपेत कुरकुरली.

*

काका गच्चीवर होते. दोरीवरचे कपडे काढत होते. संध्याकाळ व्हायला आली होती; खाली रस्त्यावर दुचाक्यांचा गोंगाट. शर्मिष्ठा चिंगीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"काका, तो फोन खिशात आहे का?"

त्यांनी धोतर दोरीवरून ओढलं, झटकलं, नीट घडी घातली.

"कुठला फोन?"

"प्राणेशचा."

घडी पुन्हा उलगडली. ते पुन्हा घालू लागले.

"दर्शननं सांगितलं?"

"नाही. तो काही बोलला नाही. तुम्हीच सांगितलंत." तिचा आवाज तिला परका वाटत होता. "फोटो सगळे त्याच दोन-तीन दिवसांतले आहेत. ओठावरची चीर भरत नाही, दाढी वाढत नाही. मेसेज येतो तेव्हा तुम्ही कधीच घरात नसता. पण त्यावरून मी एवढंच म्हणाले असते, की प्राणेशनं काही केलंय आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय. चंद्रानं मला अडवलं."

"कुठला चंद्र?"

"संकष्टीचा. इथे तो उगवला तेव्हा तिथे भर दिवस होता. पाहिला असं तो लिहूच शकत नव्हता. तुम्ही काकूंना ताट झाकून बसलेलं पाहिलंत आणि घाई केलीत."

काका कठड्याला टेकले. ताठ माणूस असा टेकलेला तिनं प्रथमच पाहिला.

"ती पाणीसुद्धा पीत नाही चंद्राआधी," ते म्हणाले. "सकाळपर्यंत तशीच बसली असती."

"आणि देवघर. रंग दिलाच नाही तुम्ही. देव बांधून ठेवले, दिवा बंद केला, दहा-बारा दिवस. मग केस उतरवलेत, आणि तिरुपतीहून लाडू आणला नाहीत, कारण तिरुपतीला गेलाच नव्हता." तिला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं. "तुम्ही सूतक पाळत होतात, काका. बायकोशी खोटं बोललात, पण देवाशी बोलता आलं नाही."

काकांनी डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "शास्त्र सांगतं, ज्याला बातमी नाही त्याला सूतक नाही. तिला नव्हतं. पण मला ठाऊक होतं ना. ती रोज त्याच्या नावानं दिवा लावणार, त्याला सुखरूप ठेव म्हणणार, आणि मी शेजारी उभा राहून ते ऐकणार. मला ते झालं नसतं. म्हणून दार लावून घेतलं."

"कधी गेला तो?"

"ज्या दिवशी आईशी बोलला, त्याच रात्री. झोपेत. सकाळी दर्शन उठवायला गेला." ते थांबले. "त्या पोराला दोष देऊ नकोस. त्याचंही डोकं दुखत होतं, दोघांना वाटलं सर्दी आहे. त्यानं मला फोन केला तेव्हा ही स्वयंपाकघरात मिरी कुटत होती. त्याला रसम कसं करायचं ते फोनवर सांगायचं म्हणून, आधी स्वतः मोजून बघत होती. मी दर्शनला म्हटलं, त्याच्या फोनवरून एक ओळ टाक, डोकं थांबलं म्हणून. आजच्या दिवसापुरती. रात्री मी तिला जवळ बसवून सांगतो."

"आणि रात्री?"

"रात्रीपर्यंत तिनं शेजारपाजारच्या बायकांना तो मेसेज दाखवला होता. बघा, माझं औषध लागू पडलं."

खालून कुणीतरी कुणाला तमिळमध्ये हाक मारली. काकांनी दर्शननं आणून दिलेला तो फोन खिशातून काढला आणि कठड्यावर ठेवला.

"नुसतं गेला एवढंच सांगायचं असतं, तर सांगितलं असतं. हिनं आईला पोचवलंय, थोरल्या भावाला पोचवलंय. खमकी आहे. पण पोरगा गेला हे कळलं की लगेच दुसरं कळणार. त्याला झोप कोणी म्हटलं." त्यांचा आवाज खाली गेला. "मीही शेजारीच बसलो होतो. मीही ऐकलं. मीही म्हटलं नाही, थांब, डॉक्टरला दाखव. ते मी माझं बघून घेईन. तिनं का बघायचं?"

ते तिच्याकडे वळले.

"तू शिकलेली आहेस, बाळ. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. सांग तिला, फोन कुणीतरी चोरला, तोच लिहीत होता. प्राणेश कुठे दूर डोंगरात गेलाय, जिथून बोलता येत नाही. वर्षभर तरी. पुढचं पुढे."

ती हो म्हणायच्या अगदी जवळ आली होती. मग चिंगीनं तिच्या गळ्यात तोंड खुपसलं. उद्या हिचं काही झालं, आणि सगळं जग संगनमत करून आपल्याला मोजे आणि थंडीच्या गप्पा मारत राहिलं तर. आपण हसत राहिलो तर.

"नाही काका," ती म्हणाली. "काकूंनी मला तो कुठे आहे ते शोधायला सांगितलंय. आणि महिनाभर तुम्ही त्यांच्या वाटचंही रडलात. ते तुमचं नव्हतं."

काकांनी कपड्यांची चळत उचलली. ती हातातून निसटली. दोघांनी मिळून ती गोळा केली आणि खाली उतरले.

*

काकांनी उभ्यानंच सांगितलं. सरळ, न थांबता, कारखान्यातल्या अपघाताची खबर द्यावी तसं. सरोजाकाकू सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होत्या. शर्मिष्ठा दाराशी होती.

काकू रडल्या नाहीत. बराच वेळ त्या नवऱ्याच्या डोक्यावरच्या खुंटांकडे पाहत राहिल्या.

"अग्नी कोणीं दिला?"

"दर्शननं. तिथेच."

"अस्थी?"

"तो घेऊन आला. मी तिरुवैयारूला गेलो. कावेरीत."

"एकटे?"

"एकटा."

काकूंनी मान हलवली, हिशेब लागल्यासारखी. मग त्यांचा हात पदराच्या काठाशी थांबला.

"मी त्याला झोप म्हणालें."

"त्याचा काही संबंध नाही, सरोजा. तिथले डॉक्टर म्हणाले..."

"तुम्ही गप्प बसा. पुष्कळ बोललांत. महिनाभर त्याच्या तोंडानें बोललांत." त्या शर्मिष्ठाकडे वळल्या. "तूं वाचतेस सगळें. मला ठाऊक आहे तूं वाचलें असशील. काय करायला हवें होतें त्यानें?"

शर्मिष्ठानं काकांकडे पाहिलं. ते मान हलवून नको म्हणत होते. तिला वाटलं, आत्ता खोटं बोलले तर या घरात ते पुन्हा राहायला येईल, आणि या वेळी ते माझं असेल.

"खाली उतरायला हवं होतं," ती म्हणाली. "लगेच, त्याच रात्री. कमी उंचीवर." मग ती घाईनं म्हणाली, "पण काकू, ते त्याच्या शेजारी असलेल्यालाही कळलं नाही. आपण समुद्रकाठची माणसं. आपल्याला कुठून कळणार. मीसुद्धा चिंगीला झोपच म्हटलं असतं."

"खालीं," काकू म्हणाल्या. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला, जणू तो अजून पोचवता येण्यासारखा होता. "खालीं ये म्हणायचें होतें. एवढेंच. खालीं ये रे, कण्णा, माझ्या बाळा."

त्या उठल्या. शर्मिष्ठा सावरायला पुढे झाली, पण त्यांना सावरायची गरज नव्हती. त्या न्हाणीघरात गेल्या. नळ सुटला, बादली भरू लागली. त्यांच्या घरी मरणाची बातमी कितीही उशिरा कानावर आली तरी नेसल्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. दार त्यांनी लावलं नाही. पाटावर बसल्या आणि तांब्या उचलला. तो त्यांच्या खांद्यापर्यंत आला, त्याच्या वर जाईना.

कृष्णस्वामीकाका दाराशी जाऊन उभे राहिले. मग आत शिरले, ओल्या फरशीवर गुडघे टेकले, बायकोच्या हातातून तांब्या घेतला आणि तिच्या डोक्यावरून पाणी घातलं. पुन्हा भरला, पुन्हा घातलं. त्यांचा सदरा, धोतर, सगळं भिजलं.

चिंगी पाण्याच्या आवाजाकडे झेपावत होती. शर्मिष्ठानं तिला आवरलं, बाहेर जिन्याशी आली आणि घराचं दार ओढून घेतलं. तेव्हा आतून काकूंचा आवाज आला, लांबवर गेलेल्या कुणाला मारावी तशी एक हाक. आणि तिच्यामागोमाग काकांचा, महिनाभर कुणीच न ऐकलेला.

ती पायरीवर बसली, आणि दोन्ही आवाज थांबेपर्यंत तिथून हलली नाही.